कुलूप लावलेली लिपी

जपणूक : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण मायामी विद्यापीठाच्या ग्रंथालयातला क्यूबन वारसा संग्रह पाहिला. १९५९च्या क्रांतीनंतर देश सोडून आलेल्या माणसांची पत्रं, छायाचित्रं, निर्वासितांनी काढलेली वर्तमानपत्रं तिथे जपली आहेत. १९६० ते १९६२ या काळात आईबापांनी एकटीच विमानात बसवून दिलेल्या चौदा हजारांहून अधिक मुलांची गोष्टही आपण वाचली. तो लेख लिहीत असताना माझ्या डोळ्यांपुढे सारखं रिद्धपूर येत होतं. आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. घरदार सोडून पळावं लागलेल्या माणसांनी आपलं सांगणं कसं वाचवलं, हे समजून घ्यायला समुद्र ओलांडायची गरज नव्हती.

तेराव्या शतकात रिद्धपुरात गोविंदप्रभू राहत होते. महानुभाव पंथ ज्या पाच अवतारांना पंचकृष्ण म्हणतो, त्यांपैकी ते एक. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे ते गुरू. चक्रधरांच्या पश्चात त्यांचा शिष्यपरिवार पट्टशिष्य नागदेवाचार्यांसह इथेच येऊन राहिला. कवयित्री महदाइसेने गोविंदप्रभूंसाठी लग्नाचे धवळे गायले ते याच गावात. आणि सराळ्याचे विद्वान म्हाइंभट यांनी इथल्या वाजेश्वरी या स्थानी नागदेवाचार्यांकडून स्वामींच्या आठवणी ऐकून लिहायला घेतल्या. तेच 'लीळाचरित्र', मराठी गद्याचा आरंभीचा मोठा ग्रंथ. काळ शके १२००च्या आसपास, म्हणजे इसवी सन १२७८.

लीळाचरित्र आपण शाळेत 'आद्य चरित्रग्रंथ' म्हणून पाठ करतो आणि पुढे जातो. मला वाटतं, ते आधी एक दप्तर म्हणून वाचावं. म्हाइंभटांनी एकट्या नागदेवाचार्यांवर भिस्त ठेवली नाही. स्वामी ज्या ज्या गावी राहिले, ज्यांच्या घरी जेवले, ज्यांच्याशी बोलले, त्यांना त्यांनी गाठलं. कुणाची आठवण कुणाच्या आठवणीशी ताडून पाहिली. स्वामी काय म्हणाले एवढंच त्यात नाही. कुठल्या गावी, कोणत्या देवळात, कुठल्या बाजूला बसून म्हणाले, समोर कोण होतं, हेही आहे. आज मौखिक इतिहास गोळा करणारी माणसं जे करतात तेच हे काम, फक्त पायी आणि बोरूने केलेलं.

आणि मग धाड आली. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून गेला तो एलिचपुरावरून, म्हणजे आपल्या अचलपुरावरून. पुढच्या वीस-बावीस वर्षांत यादवांचं राज्य बुडालं. पंथाची माणसं पांगली, जमेल तिकडे गेली. या पळापळीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली, असं परंपरा सांगते. ज्या ग्रंथासाठी एवढी पायपीट केली तोच गेला.

मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या. हिराइसेचं नाव यात फार आदराने घेतलं जातं. तिच्या स्मरणातून जो पाठ उभा राहिला तो तिच्याच नावाने ओळखला जातो. रामेश्वरबासांचा पाठ आहे, परशरामबासांचा आहे. आठवणी एक झाल्या नाहीत, हे साहजिकच. पण पुढच्या लेखकांनी जे केलं त्याला मी मनापासून नमस्कार करतो. त्यांनी एक पाठ खरा ठरवून बाकीचे फेकले नाहीत. वेगळा पाठ असेल तर त्याला 'वासना' म्हणायचं, छाननी करून मिळालेलं असेल तर 'शोधु', आणि ज्याचं सांगणं असेल त्याचं नाव पुढे घालायचं. चौदाव्या शतकात परागंदा झालेल्या साधूंनी ही शिस्त पाळली. एखाद्या बाईची आठवण तिच्या नावासकट पोथीत टिकून राहते, याचं मोल आजच्या कुठल्याही संग्रहालयाला कळावं.

याच शतकातली दुसरी युक्ती जास्त ओळखीची आहे, ती म्हणजे सांकेतिक लिप्या. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, वज्र अशी त्यांची नावं. सगळ्यांत जास्त वापर सकळ लिपीचा. ती रवळोबासांनी सिद्ध केली असं मानतात. तत्त्व सोपं आहे. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर लिहायचं, काही अक्षरांना अगदी नवी चिन्हं द्यायची. अंकलिपीत अक्षराऐवजी आकडे. भाषा मराठीच, पण परक्याच्या हाती पोथी पडली तरी त्याला ती वाचता येऊ नये. धर्मग्रंथ विटाळू नये ही भावना त्यामागे होती, तशी वैदिक परंपरेच्या रोषाची आणि लुटीची भीतीही होती. वर्णभेद न मानणारा, बायकांना संन्यास देणारा, वेदांऐवजी मराठी वचनांना प्रमाण मानणारा पंथ होता तो. भ्यायला कारणं पुष्कळ होती.

या कुलपामुळे पोथ्या वाचल्या, पण बाकीच्या महाराष्ट्राला त्या दिसेनाशा झाल्या. सहाशे वर्षं या पंथाबद्दल लोक गैरसमज आणि टवाळीवर भागवत राहिले. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांना आपलं सगळ्यांत जुनं गद्य मठांत बासनात बांधलेलं आहे याचा पत्ता नव्हता.

पोथ्या मात्र या काळात गावोगाव फिरत होत्या. मागे वळून पाहताना मला हा भाग फार हलवतो. महाराष्ट्रातच राहावं, कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नये, असा स्वामींचा शिष्यांना उपदेश. त्याच पंथाची मराठी पोथी पुढे पंजाबात, पेशावरकडे, थेट काबूलपर्यंत गेली. पंजाबात या पंथाला जयकृष्णी म्हणतात. ज्यांच्या घरात पंजाबी बोलली जाते अशी माणसं मराठीला धर्मभाषा मानून ती शिकतात. रिद्धपूरला यात्रेत पगडीवाले भाविक दिसतात तेव्हा नवख्याला आश्चर्य वाटतं. त्यांच्यासाठी ते आजोळी येणं असतं.

कुलूप उघडलं विसाव्या शतकाच्या आरंभी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, काही महंतांनी मन मोठं करून पोथ्या दाखवल्या, वि. ल. भावे यांनी या वाङ्मयाला 'महाराष्ट्र सारस्वता'त जागा दिली. पण खरा घाम गाळला तो आपल्या वऱ्हाडच्या माणसांनी. यवतमाळच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे यांचं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ साली आलं. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेजात, नंतरच्या विदर्भ महाविद्यालयात शिकवत होते. त्यांनी मठोमठी जाऊन प्रती मिळवल्या, पाठ ताडून पाहिले. त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापलं. परदेशातून अभ्यासक रेसाइड आणि अ‍ॅन फेल्डहाउस आले. फेल्डहाउसबाईंनी गोविंदप्रभूंचं चरित्र इंग्रजीत नेलं आणि रिद्धपूरचं नाव १९८४ साली ऑक्सफर्डच्या पुस्तकावर झळकलं.

कोलत्यांच्या आवृत्तीवरून वाद झाला, हेही सांगायला हवं. अभ्यासकाला जो ग्रंथ आहे तो भाविकाला देव आहे. संपादकाने जो पाठ छापला तो एखाद्या मठाला मान्य नसतो. मला दोन्ही बाजूंची कळकळ खरी वाटते, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

२०२४ साली रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. सातशे वर्षांनी वाजेश्वरीच्या गावी मराठीचं विद्यापीठ यावं, याचा आनंद कुठल्याही वऱ्हाडी माणसाला होईल. आता पोथ्यांचं काय करायचं? त्या साऱ्या मठांतून उचलून एका इमारतीत आणाव्यात, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. मी तिच्या विरोधात आहे. लीळाचरित्र वाचलं ते एका ठिकाणी नव्हतं म्हणून, अनेकांच्या मुखी आणि अनेकांच्या बासनात होतं म्हणून. इथे कॅरिबियन देशांकडून शिकण्यासारखं आहे. २००४ साली सुरू झालेल्या 'कॅरिबियनचं डिजिटल ग्रंथालय' या उपक्रमात बेटांवरच्या संस्था आपले मूळ कागद आपल्याकडेच ठेवतात. फक्त त्यांच्या प्रतिमा एकत्र येतात आणि हक्क ज्याचा त्याच्याकडे राहतो. रिद्धपूरच्या मठांशीही असंच बोलता येईल. पोथी देव्हाऱ्यातच राहील, पूजाही होईल. वर्षातून चार दिवस तिची पानं कॅमेऱ्यासमोर येतील. जे ज्ञान गुप्त ठेवायचं असं पंथाला वाटतं, ते कुणाला दाखवायचं हे महंतच ठरवतील.

मठांबाहेरही पुष्कळ आहे. चौदाव्या शतकातली 'स्थानपोथी' काढून बघा. स्वामींची स्थानं, देवळाचं दार कोणत्या दिशेला, पलीकडे काय, असं सगळं त्यात नोंदलेलं आहे. कितीतरी स्थानं आपल्या वऱ्हाडात आहेत आणि त्यांच्या आसपासच्या गावांत जुन्या घरांच्या माळ्यावर पोथ्या सापडतात. आमच्या नात्यातल्या एका घरी म्हातारी गेली तेव्हा तिचं बासन कुणी सोडूनही पाहिलं नाही. 'वाचता येत नाही, जुनं आहे' म्हणून पूर्णा नदीत सोडलं. वाचता न येण्याचं कारण कदाचित ती सकळ लिपी असेल. मला हे दोन महिन्यांनी कळलं.

तेव्हा कुणाच्या घरी असं बासन असेल तर ते पाण्यात सोडू नका. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकात सील करू नका. कसर लागली असेल तर सावलीत, वाऱ्यावर पानं मोकळी करा आणि स्वच्छ सुती कापडात पुन्हा बांधा. मोबाइलने फोटो काढायचे तर शेवटच्या पानापासून सुरुवात करा. लिहिणाऱ्याचं नाव, गाव, शक आणि ही प्रत कुणासाठी केली, हे पोथीत बहुधा तिथेच असतं.