नाडी तीच, तारा वेगळा

मनगटावर तीन बोटे ठेवली आणि ठोके मिनिटाला ४५ भरले. यावरून रोग्याबद्दल काय सांगता येईल? नुसत्या आकड्यावरून काहीच नाही. रोज दहा-पंधरा किलोमीटर धावणाऱ्या तरुणाच्या नाडीचे ४५ ठोके हे कमावलेल्या हृदयाचे लक्षण असते. त्याला मी निश्चिंतपणे घरी पाठवतो. तेच ४५ ठोके चक्कर येऊन पडलेल्या सत्तरीच्या आजींचे असतील, तर आधी ईसीजी काढायला सांगतो. हृदयातला विजेचा मार्ग कुठे तरी अडला असण्याची शक्यता असते. आकडा तोच, पण तो कोणाचा हे ठाऊक नसेल तर फसवतो. खगोलशास्त्रज्ञ नेमक्या अशाच चुकीत पाव शतकाहून अधिक काळ अडकले होते, आणि तेवढा काळ आपण विश्वाचे माप निम्मेच धरून चाललो होतो.

ताऱ्यांनाही नाडी असते. सगळ्यांना नाही, पण काहींना निश्चित. ज्यांचे तेज कमीजास्त होते त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यातला एक मानाचा तारा वृषपर्वा या तारकासमूहात आहे. सन १७८४ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क इथे जॉन गुडरिक या विशीतल्या तरुणाने तो ५ दिवस ९ तासांच्या सुमारास एक फेरा पूर्ण करतो, हे नुसत्या डोळ्यांनी शोधले. गुडरिक लहानपणापासून बहिरा होता. २१व्या वर्षी तो वारला. त्याच्या ताऱ्याचे इंग्रजी नाव ‘डेल्टा सेफी’. त्यावरून या जातीच्या साऱ्या ताऱ्यांना सेफीड म्हणतात.

सेफीड खरोखरच फुगतो आणि आकसतो. त्याच्या बाहेरच्या थरात हेलियम असतो. आकसताना हा थर तापतो, हेलियमचे उरलेसुरले इलेक्ट्रॉन सुटतात आणि तो थर प्रकाशाला अडवू लागतो. आत उष्णता कोंडते, दाब वाढतो, तारा फुगतो. फुगला की थंड होतो, हेलियम इलेक्ट्रॉन परत धरतो, थर पारदर्शक होतो, कोंडलेली उष्णता निसटते आणि तारा पुन्हा आकसतो. कुकरची शिट्टी साधारण याच न्यायाने उठते आणि बसते. मोठ्या ताऱ्याला हा फेरा पुरा करायला जास्त वेळ लागतो. हत्तीचे हृदय मिनिटाला तीसेक ठोके देते आणि उंदराचे पाचशेच्या वर, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले होते. ताऱ्यांची गोष्ट वाचताना ते आठवल्याशिवाय राहत नाही. कारणे अर्थातच वेगळी आहेत.

मोठा म्हणजे तेजस्वी, आणि तेजस्वी म्हणजे संथ, हा नियम मात्र कोणी सिद्धान्तातून काढला नाही. तो काचेच्या प्लेटांवरून सापडला. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा स्वॉन लेव्हिट तासाला ३० सेंट मजुरीवर काम करत. दुर्बीण चालवणे तेव्हा बायकांचे काम समजले जात नसे; पेरू देशातून आलेल्या फोटोंच्या प्लेटा तपासणे हे त्यांच्या वाट्याला आले. त्यांनाही ऐकू कमी येई. या प्लेटांवर मॅगेलनच्या मेघांचे फोटो होते. हे मेघ म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिका. त्या दक्षिण गोलार्धाच्या आकाशात आहेत. महाराष्ट्रातून बघायला जाल तर लहान मेघ क्षितिजावर जेमतेम येतो किंवा येतच नाही.

लेव्हिट यांनी १९१२ मध्ये लहान मेघातल्या २५ ताऱ्यांचा तक्ता दिला. सर्वांत झटपट ताऱ्याचा फेरा सव्वा दिवसाचा, सर्वांत संथ ताऱ्याचा १२७ दिवसांचा. आणि जितका फेरा लांब तितका तारा तेजस्वी. हा संबंध आपल्याच आकाशगंगेत शोधला असता तर सापडणे कठीण होते. जवळचा मंद तारा आणि लांबचा प्रखर तारा सारखेच दिसतात. पण घाटमाथ्यावरून रात्री खालच्या गावाकडे पाहिले तर गावातले सारे दिवे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. जो दिवा जास्त उजळ दिसतो तो खरोखरच जास्त उजळ असतो. लेव्हिट यांचे गाव म्हणजे तो मेघ. यातून मोजपट्टी तयार झाली. ठोके मोजा, ताऱ्याचे खरे तेज कळेल. दिसते तेज त्याच्याशी ताडून पाहा, अंतर कळेल.

त्या पत्रकावर सही होती वेधशाळेच्या संचालकांची. ही टिपणी मिस लेव्हिट यांनी तयार केली, एवढा उल्लेख मात्र आत होता. १९२५ मध्ये एका स्वीडिश गणितज्ञाने त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवावे म्हणून पत्र पाठवले. लेव्हिट १९२१ च्या डिसेंबरातच कर्करोगाने गेल्या होत्या.

ही पट्टी खऱ्या अर्थाने वापरली ती एडविन हबल यांनी. ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून त्यांनी देवयानी दीर्घिकेचा फोटो घेतला. एका ठिपक्यापुढे आधी नवतारा अशी खूण केली, मग जुन्या प्लेटांशी ताडून ती खोडली आणि रूपविकारी अशी नवी खूण उद्गारचिन्हासह लिहिली. त्या ताऱ्याचा फेरा ३१.४ दिवसांचा निघाला. पट्टी लावली तेव्हा अंतर आले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. आपली आकाशगंगा त्या वेळच्या सर्वांत मोठ्या अंदाजानेही तीन लाख प्रकाशवर्षेच रुंद होती. म्हणजे देवयानी बाहेरची, आपल्यासारखीच वेगळी दीर्घिका. निष्कर्ष बरोबर होता. आकडा चुकला होता.

चूक लक्षात यायला एक विचित्र संकट कारण झाले. या अंतरांवरून दीर्घिका किती वेगाने दूर पळतात हे काढले, आणि त्यावरून विश्वाचे वय जेमतेम २०० कोटी वर्षे भरू लागले. इकडे भूवैज्ञानिक किरणोत्सारी युरेनियमच्या हिशेबाने पृथ्वीचे वय ३०० कोटींच्या घरात सांगत होते. लेक आईपेक्षा मोठी!

निदान केले वॉल्टर बाडे यांनी. ते जर्मन होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांच्यावर बंधने आली आणि युद्धाच्या कामावर त्यांना कोणी घेतले नाही. सहकारी युद्धाच्या प्रयोगशाळांत गेले. बाडेंच्या हाती उरली १०० इंची दुर्बीण आणि ब्लॅकआउटमुळे काळोखात बुडालेले लॉस एंजेलिस. या अंधारात त्यांना देवयानीच्या गाभ्यातले एकेक तारे सुटे दिसले. १९४४ मध्ये त्यांनी मांडले की ताऱ्यांच्या दोन वस्त्या असतात: बाहेरच्या भुजांमध्ये तरुण निळसर तारे, गाभ्यात म्हातारे तांबूस तारे. सेफीडही दोन प्रकारचे निघाले. फेरा तोच, पण तरुण सेफीड म्हाताऱ्यापेक्षा जवळपास चौपट तेजस्वी. जुन्या पट्टीत दोन्ही एकत्र मिसळले होते, आणि हबल यांचे तारे तर तरुण वस्तीतले होते.

हिशेब सोपा आहे. अंतर दुप्पट झाले की दिसते तेज चौथाई होते. तारा चौपट तेजस्वी असूनही तेवढाच मंद दिसत असेल, तर तो दुप्पट लांब असला पाहिजे. पालोमारची नवी २०० इंची दुर्बीण आली तेव्हा देवयानीतले लघुकाळाचे जुने रूपविकारी तारे तिच्यात दिसायला हवे होते, दिसले नाहीत. १९५२ मध्ये रोम इथल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत बाडेंनी हे सांगितले. लगेच दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या डेव्हिड थॅकरे यांनी उठून सांगितले, की लहान मेघात हे तारे आम्हाला सापडले आहेत आणि ते अपेक्षेपेक्षा तेवढेच मंद आहेत. एका बैठकीत विश्व दुप्पट मोठे आणि दुप्पट म्हातारे झाले. आज देवयानीचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात.

वाद संपलेला नाही. सेफीडवरून चढत गेलेली शिडी विश्वाच्या प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकमागे, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला ७३ किलोमीटर सांगते. विश्वाच्या बालपणातल्या अवशिष्ट प्रारणावरून तो ६७ येतो. दूरच्या दीर्घिकांत सेफीडचा प्रकाश शेजारच्या ताऱ्यांत मिसळून मोजणी बिघडत असेल, अशी शंका होती. जेम्स वेब दुर्बिणीने ते तारे अवरक्त प्रकाशात सुटे करून पाहिले आणि जुनी मोजणी टिकली. दुसऱ्या जातीचे तारेही घेऊन मोजणाऱ्या एका गटाला ७० च्या आसपास आकडा मिळतो. म्हणजे अजून पट्टीतच काही मिसळले आहे, की भौतिकशास्त्रात काही कमी आहे, हे ठरायचे आहे. माझा कल आधी पट्टी पुन्हा तपासण्याकडे. हा धंद्याचा दोष असेल.

गुडरिकचा तारा मात्र आपल्याला दिसतो. ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास, शहराच्या उजेडापासून दूर, उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. शर्मिष्ठेच्या डावीकडे वृषपर्वा आहे. त्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण सापडेल; शर्मिष्ठेच्या बाजूचा तो आपला. उरलेले दोघे तुलनेसाठी: एक ३.४ प्रतीचा, दुसरा ४.२ प्रतीचा. आपला तारा कधी पहिल्याच्या बरोबरीला येतो, कधी दुसऱ्यापेक्षाही किंचित मंद होतो. चढायला त्याला दीड दिवस लागतो, उतरायला जवळजवळ चार. वहीत रोज एक ओळ लिहिली तरी दोन आठवड्यांत त्याची नाडी हाताला लागते.