वाचन शिक्षणाची गुरुकिल्ली : पातळीनुसार लहान गट

प्राथमिक शिक्षणातील पटनोंदणीचा प्रश्न देशाने बहुतांशी सोडविला आहे. ६ ते १४ वयोगटातील ९५ टक्क्यांहून अधिक मुलांची नावे शाळेच्या पटावर आहेत. शाळेत दाखल झालेले मूल वाचायला शिकते का, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. ग्रामीण भागातील ‘असर’ सर्वेक्षणानुसार २०२४ मध्ये शासकीय शाळांतील तिसरीच्या २३.४ टक्के आणि पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. याचाच अर्थ, पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांसाठी विज्ञान, परिसर अभ्यास आणि गणितातील शाब्दिक उदाहरणे ही बंद दारे ठरतात. त्यांच्या शिक्षणावर शासनाने केलेला खर्च आणि पालकांनी बाळगलेली आशा, दोन्ही वाया जाण्याचा धोका येथेच निर्माण होतो.

एक वर्ग, अनेक पातळ्या

चौथीच्या एका वर्गात अक्षरओळख नसलेले, सुटे शब्द वाचणारे आणि गोष्ट सहज वाचणारे अशी सर्व प्रकारची मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. पाठ्यपुस्तक एकच आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे बंधनही एकच. साहजिकच अध्यापन पुढे असलेल्या मुलांच्या गतीने चालते व मागे पडलेले मूल दरवर्षी अधिकच मागे पडते.

त्यात घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतराची भर पडते. झाशीच्या प्रेमनगरसारख्या वस्तीत बुंदेली ऐकत वाढलेल्या मुलापुढे पुस्तकात प्रमाण हिंदी येते. वऱ्हाडी, अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलापुढे प्रमाण मराठी येते. देवनागरी लिपीच्या स्वतःच्याही काही अडचणी आहेत. प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, उच्चारात नंतर पण लिहिताना आधी येणारी ऱ्हस्व वेलांटी आणि ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘सुऱ्या’ या शब्दांत निरनिराळी रूपे घेणारा ‘र’ ही त्याची उदाहरणे होत. कोणते मूल यांपैकी नेमके कोठे अडले आहे, हे चाळीस मुलांच्या सामूहिक घोकंपट्टीत कळू शकत नाही. ते लहान गटातच कळते.

पद्धतीचे स्वरूप

‘प्रथम’ या संस्थेने मुंबईतील वस्त्यांत सुरू केलेल्या कामातून जी पद्धत विकसित झाली, तिचा आरंभ प्रत्येक मुलाच्या तोंडी चाचणीने होतो. काही मिनिटांच्या या चाचणीतून मूल प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट या पातळीवर आहे हे ठरते. त्यानंतर तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट इयत्तेऐवजी पातळीनुसार केले जातात.

गटात शिक्षक बोट ठेवून गोष्ट वाचतात व मुले मागोमाग वाचतात. गोष्टीवर चर्चा होते. बाराखडीच्या तक्त्यावरून अक्षरे शोधून शब्द तयार केले जातात. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चारही क्रिया एकाच तासिकेत गुंफलेल्या असतात. ठरावीक काळानंतर पुन्हा चाचणी होते आणि प्रगती झालेले मूल पुढील गटात जाते.

प्रयोगांचा निष्कर्ष

या पद्धतीचे मूल्यमापन यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांद्वारे झाले आहे. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या तिघांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा या अभ्यासांत सहभाग होता. मुंबई व वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात ‘बालसखी’ उपक्रम राबविला गेला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतील एक तरुणी दररोज सुमारे दोन तास वेगळे शिकवीत असे. या मुलांच्या गुणांत लक्षणीय वाढ झाली. येथे आढळलेली दुसरी बाब धोरणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. मागे पडलेली मुले बालसखीकडे गेल्याने मूळ वर्गातील मुलांची संख्या घटली, परंतु तेथे उरलेल्या मुलांच्या संपादणुकीत त्यामुळे भर पडली नाही. केवळ वर्ग लहान करणे पुरेसे नाही, त्या गटात काय आणि कोणत्या पातळीवर शिकविले जाते हे निर्णायक ठरते, असा याचा अर्थ होतो.

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये गावातील स्वयंसेवकांनी वाचन वर्ग चालविले. वर्गात आलेली मुले वाचू लागली, पण गरजू मुलांपैकी फारच थोडी वर्गाकडे फिरकली. त्यामुळे हे काम शाळेच्या वेळेतच व्हावे, हे स्पष्ट झाले. त्याच राज्यातील उन्नाव व सीतापूर जिल्ह्यांत २०१३-१४ मध्ये शाळांमध्येच सुमारे ५० दिवसांची शिबिरे घेण्यात आली. वर्षअखेरीस शिबिरांच्या शाळांतील ४९ टक्के मुले परिच्छेद अथवा गोष्ट वाचू शकत होती. तुलनेसाठी निवडलेल्या शाळांत हे प्रमाण २४ टक्के होते.

बिहार आणि हरियाणाचा धडा

शासकीय शिक्षक हे काम करू शकणार नाहीत, हा आक्षेपही तपासला गेला आहे. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी शिबिरात शासकीय शिक्षकांनी याच पद्धतीने शिकविले, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. शाळा सुरू झाल्यावर मात्र केवळ प्रशिक्षण व साहित्य देऊन अपेक्षित परिणाम साधला नाही. शिक्षक पुन्हा पाठ्यपुस्तक संपविण्याकडे वळले. हरियाणात २०१२-१३ मध्ये गटवाचनासाठी वेळापत्रकात दररोज एक स्वतंत्र तास राखून ठेवण्यात आला. केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांनी त्याचे पर्यवेक्षण केले आणि भाषेत प्रगती दिसून आली. उणीव शिक्षकांच्या क्षमतेची नव्हती, व्यवस्थेने त्यांना दिलेल्या अग्रक्रमाची होती.

धोरणाची दिशा

शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण बंधनकारक केले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतला. उत्तर प्रदेशात २०१९ मध्ये ‘मिशन प्रेरणा’ आणि २०२१ मध्ये देशभर ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट त्यात ठरविण्यात आले. ‘असर’नुसार उत्तर प्रदेशच्या शासकीय शाळांत तिसरीच्या वाचक मुलांचे प्रमाण २०२२ मधील १६.४ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २७.९ टक्क्यांवर गेले. ही वाढ आशादायक असली, तरी त्या इयत्तेतील दहापैकी सात मुले अद्याप मागेच आहेत.

पुढील वाटचालीत तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, वाचनाचा तास वेळापत्रकात राखीव असावा आणि तो अन्य कामांसाठी घेतला जाऊ नये. दुसरी, गट तात्पुरते असावेत. ‘कच्च्या मुलांचा गट’ असा शिक्का बसल्यास उपायच अपाय ठरेल. तिसरी, प्रयत्नांत सातत्य असावे, कारण बालसखी उपक्रम संपल्यानंतर वर्षभरात मुलांना झालेल्या लाभाचा बराच भाग ओसरला होता.

या उपायासाठी नव्या इमारती वा महागडी उपकरणे लागत नाहीत. एक तक्ता, काही गोष्टींची पुस्तके, दिवसातील एक तास आणि मूल जेथे आहे तेथून आरंभ करण्याची प्रशासकीय मुभा एवढेच पुरेसे आहे. शिक्षणावरील अन्य सर्व गुंतवणुकीचे फळ याच तासावर अवलंबून आहे, हे नियोजनकर्त्यांनी ध्यानी घ्यावयास हवे.