चपट्या वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र : मापनाचा एक पाठ

विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची नेली असता ती आपली दिशा सोडते, हे डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ हान्स ख्रिस्तियन अर्स्टेड यांनी १८२० साली दाखवून दिले. उच्च प्राथमिक वर्गांत हा प्रयोग पुष्कळ शाळांतून करून दाखविला जातो. सूची हलते, मुले आनंदित होतात आणि बहुधा पाठ तेथेच संपतो. सूची किती हलली व त्यावरून काय समजले, हा प्रश्न मागेच राहतो. वास्तविक मापनाचे शिक्षण याच प्रश्नापासून सुरू होते. यास्तव एका साध्या चपट्या वेटोळ्याच्या साह्याने हा पाठ कसा घ्यावा, याचे विवेचन येथे केले आहे.

वेटोळे तयार करणे. जाड पुठ्ठ्याची ११ सेंटिमीटर व्यासाची चकती कापावी. तिच्यावर मध्यापासून १ व ५ सेंटिमीटर त्रिज्येची दोन वर्तुळे काढावी आणि कडेपासून आतल्या वर्तुळापर्यंत सारख्या अंतरावर नऊ फटी पाडाव्या. इनॅमलचा लेप असलेली, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची पाच मीटर तांब्याची तार मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडे मिळते. ती आतून बाहेर, एका भागाच्या पुढून व दुसऱ्याच्या मागून अशी विणीत न्यावी. दोन वेढ्यांत दोन मिलिमीटर अंतर ठेवल्यास बाहेरच्या वर्तुळापर्यंत वीस वेढे होतात. आपल्या वनप्रदेशातील मुलांनी बांबूची टोपली विणली जाताना पाहिलेली असते. उभ्या काड्या विषम असल्या म्हणजे पुढचा वेढा आपोआप आधीच्याच्या उलट बाजूने जातो; फटी नऊ ठेवण्याचे कारणही तेच. हे कारण शिक्षकांनी सांगू नये, मुलांकडूनच काढून घ्यावे.

मांडणी. तारेची टोके पॉलिश कागदाने घासून लेप काढावा. दोन विद्युत्घट, अडीच व्होल्ट व ०.३ अँपिअरचा जुन्या पद्धतीचा बॅटरीचा दिवा आणि वेटोळे हे सर्व एकापाठोपाठ जोडावे. दिवा वगळल्यास प्रवाह फार वाढून तार तापते व घट लवकर संपतात. हल्लीचा एलईडी दिवा चालणार नाही, कारण त्यातून फारच थोडा प्रवाह जातो. घरातील विजेचा उपयोग मात्र कदापि करू नये. ती जीवाला धोकादायक तर आहेच, शिवाय तिची दिशा सेकंदाला शंभर वेळा पालटत असल्याने सूचीला तिच्यामागे जाता येत नाही.

चुंबकसूची स्थिर झाल्यावर ती दाखवील त्या उत्तर-दक्षिण दिशेने खडूची रेघ ओढावी. वेटोळे त्या रेघेवर उभे करावे, म्हणजे त्याचे तोंड पूर्व-पश्चिम होईल. लाकडी ठोकळ्यावर ठेवलेली सूची वेटोळ्याच्या मध्याच्या उंचीवर, त्याच्या अगदी समोर आणावी. प्रवाह थोडा वेळच सुरू ठेवावा व कोन बरोबर वरून पाहून टिपावा. मग घट उलटे जोडावे. सूची दुसऱ्या बाजूस वळेल, तोही कोन टिपावा. दोन्ही कोनांची सरासरी घ्यावी.

कोनावरून क्षेत्र. सूचीवर एकाच वेळी दोन ओढी असतात. पृथ्वी तिला उत्तरेकडे ओढते, तर वेटोळे पूर्वेस किंवा पश्चिमेस ओढते. सूची या दोहोंमधली दिशा धरते. आपल्या भागात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. कागदावर उत्तरेकडे १० सेंटिमीटरची रेषा काढावी. म्हणजे १ सेंटिमीटरला ४ मायक्रोटेस्ला हे प्रमाण झाले. रेषेच्या दक्षिण टोकाशी टिपलेला कोन मांडून तिरपी रेषा ओढावी व उत्तर टोकापासून काटकोनात जाऊन तिला मिळावे. ही काटकोनातील बाजू जितकी लांब, तितके वेटोळ्याचे क्षेत्र. त्रिकोणमिती न शिकलेल्या मुलांनाही हे सहज जमते.

वरील मापांच्या वेटोळ्याचा हिशेब केल्यास ३ सेंटिमीटरवर सुमारे ३९ मायक्रोटेस्ला येतात व सूची ४४ अंश वळावयास हवी; म्हणजे तेथे वेटोळे व पृथ्वी जवळजवळ समबल आहेत. ५ सेंटिमीटरवर क्षेत्र १६ व कोन २२ अंश, तर १० सेंटिमीटरवर क्षेत्र ३ व कोन साडेचार अंश येतो. अंतर दुप्पट झाले असता क्षेत्र निम्मे न होता एकपंचमांशावर आले, ही गोष्ट मुलांच्या लक्षात आणून देण्याजोगी आहे.

हे आकडे शिक्षकांसाठी आहेत. ते आधी फळ्यावर लिहू नयेत. उत्तर आधी कळले की मुलाचा डोळा सूचीकडे न जाता फळ्याकडे जातो, आणि १९ दिसत असूनही वहीत २२ लिहिले जाते. अशा वहीला पूर्ण गुण मिळाले, तरी त्या मुलाने मापन केलेले नसते. जुने घट किंवा वेढ्यांतील कमीजास्त अंतर यांमुळे आकडा वेगळा येणारच. तो वेगळा का आला, याचा शोध हाच खरा पाठ होय.

त्या शोधासाठी दोन कसोट्या उपयोगी पडतात. एक, डावीकडचा व उजवीकडचा कोन सारखा यावा. एकीकडे २० व दुसरीकडे २३ आल्यास वेटोळे रेघेपासून सुमारे दहा अंश फिरलेले असण्याचा संभव आहे. दुसरी, प्रवाह बंद असताना सूची प्रत्येक जागी खडूच्या रेघेशी समांतरच राहावी. ती न राहिल्यास जवळपास लोखंड आहे. पत्र्याचे छप्पर, बाकाचे खिळे, लोखंडी कपाट, तसेच मोबाइल यंत्रातील चुंबक, ही सर्व सूचीला फसवितात. म्हणून हा प्रयोग आवारात झाडाखाली, चटईवर करणे उत्तम. सुरजागडच्या परिसरासारख्या लोहखनिजाच्या भागात खनिजाचा खडाही सूचीजवळ नेऊन पाहावा. सर्व लोहखनिजे सूचीला सारखी हलवीत नाहीत. मॅग्नेटाइट जोराने हलविते, हेमॅटाइट फारच थोडे.

एवढी काळजी अनावश्यक वाटल्यास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा इतिहास आठवावा. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरताच त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखले गेले, आणि नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत हे काम अलिबाग येथे हलविण्यात आले. तेथील इमारतीत लोखंड वापरले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकदम नोंदी घेऊन त्यांचा मेळ घातला गेला, म्हणून जुन्या नोंदींची परंपरा तुटली नाही. विजेच्या ट्राम धावू लागल्या त्या १९०७ मध्ये. वेधशाळा त्यापूर्वीच सावध झाली होती. अलिबागची वेधशाळा आजही नोंदी घेत आहे.

एका विश्वसनीय आकड्यासाठी जाणत्यांनी वेधशाळा समुद्रापलीकडे नेली. आपण निदान लोखंडी टेबलापासून दहा पावले दूर जावे. जे दिसले तेच लिहावे आणि जे जुळले नाही त्याचे कारण शोधावे, ही सवय ज्या मुलास एकदा लागली, तिचा उपयोग त्याला पुढे वजनकाटा पाहताना, शेत मोजताना व हिशेब तपासताना जन्मभर होईल.