ताटाकडे पाठ फिरवणाऱ्या मुली

सोळा वर्षांची एक मुलगी आईसमवेत आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली, ती पोटाच्या तक्रारीसाठी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन घास खाल्ले की पोट भरते, जेवणानंतर फुगते आणि पाच महिने पाळी आलेली नाही, असे आईने सांगितले. पित्ताची औषधे झाली, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीतून जठर पाहून झाले, स्त्रीरोग विभागाच्या गोळ्याही झाल्या. सर्व अहवाल निर्दोष होते. वर्षभरात तिचे वजन अकरा किलोंनी उतरले होते. प्रत्येक विभागाच्या कागदावर हा आकडा लिहिलेला होता, पण त्यांची सांगड कोणी घातली नव्हती. अखेर रक्तदाब मोजणाऱ्या परिचारिकेने विचारले, “भर वैशाखात हिने स्वेटर का घातला आहे?” बाही वर केली तेव्हा हातांवर नवजात अर्भकासारखी मऊ लव दिसली. नाडीचे ठोके मिनिटाला पन्नासच्याही खाली होते. उपासमार झालेले शरीर ऊब राखण्यासाठी असेच वागते. हे ओळखण्यास आम्हांस चार महिने लागले, याची नोंद या अहवालात करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या विकारास ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणतात. लंडनचे डॉ. विल्यम गल आणि पॅरिसचे डॉ. शार्ल लासेग यांनी १८७०च्या दशकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचे वर्णन केले. त्या काळी दूरचित्रवाणी नव्हती. तेव्हा ‘हे हल्लीच्या मुलींचे फॅड आहे’ हे आमच्याही कानी वारंवार पडणारे मत टिकण्यासारखे नाही. नावाचा शब्दशः अर्थ भूक नसणे असा होतो, पण तोही फसवा आहे. भूक असते, किंबहुना मन सतत अन्नाभोवतीच घोटाळत असते. अशा मुली घरातल्यांसाठी हौसेने नवनवे पदार्थ करतात, सर्वांना आग्रहाने वाढतात आणि स्वतः मात्र ‘मी आधीच जेवले’ असे सांगतात.

असे का होते, याचे एक महत्त्वाचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, स्वयंस्फूर्त तरुणांना सुमारे सहा महिने निम्म्या आहारावर ठेवले. ते तरुण मनाने धडधाकट म्हणून पारखून घेतलेले होते. तरी काही आठवड्यांतच ते चिडखोर व एकलकोंडे झाले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेक घास तासन्‌तास चघळू लागले. म्हणजे हट्ट, संशय, अन्नाचे वेड यांपैकी बराचसा भाग स्वभावाचा नसून उपासमारीचा परिणाम असतो. उपाशी मेंदूची समजूत घालता येत नाही. त्याला आधी अन्न पोहोचवावे लागते, मग बोलणे.

दुसरा विकार ‘बुलिमिया नर्व्होसा’. त्याला हे नाव १९७९ मध्ये लंडनच्या डॉ. जेराल्ड रसेल यांनी दिले. यात अनावर खाणे होते, त्यामागून अपराधी भावना येते आणि ओकारी काढून किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी ते खाणे ‘फेडले’ जाते. वजन बहुधा सामान्य राहते, म्हणून घरात वर्षानुवर्षे कळत नाही. कळते ते दंतवैद्याला, कारण पोटातील आम्लाने दातांच्या आतल्या बाजूचे कवच झिजते. खरी भीती रक्तातील पोटॅशियम घटण्याची आहे, कारण त्यामुळे हृदयाची लय अकस्मात बिघडू शकते. ओकारीविना होणारे अनावर खाणे हा तिसरा प्रकार २०१३ साली स्वतंत्र विकार म्हणून मान्य झाला. ‘तोंडावर ताबा नाही’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या कित्येक संसारी स्त्रिया वस्तुतः याच्या रुग्ण असतात.

मग प्रसारमाध्यमांचा दोष काहीच नाही काय? आहे. फिजी बेटांवर भरदार बांधा हीच शोभा मानली जात असे. १९९५ मध्ये तेथील एका भागात दूरचित्रवाणी आली. तीन वर्षांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा वजन उतरवण्यासाठी ओकारी काढल्याचे सांगणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण शून्यावरून अकरा टक्क्यांवर गेले होते. आपल्याकडे तर पडद्याचीही गरज नाही. तान्ह्या बाळाचे ‘बाळसे’ आपण कौतुकाने दाखवतो आणि तेच अंग चौदाव्या वर्षी चेष्टेचा विषय करतो. ‘सडपातळ, गोरी वधू पाहिजे’ हे वाक्य वाचतच येथील कित्येक पिढ्या वाढल्या.

तरीही आपल्या प्रांतात हा विकार वेगळ्या वेषात येतो. मुलगी ‘मला बारीक व्हायचे आहे’ असे म्हणतेच असे नाही. ती म्हणते, ‘पोट फुगते’. हाँगकाँगमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही निम्म्याहून अधिक रुग्णांनी लठ्ठपणाची भीती सांगितली नव्हती. शिवाय आमच्या उपासांच्या परंपरेत गुरुवार, चतुर्थी, एकादशी अशी कारणे सहज मिळतात. उपासाला आमचा विरोध मुळीच नाही. परंतु घरात कोणी न करणारे उपास एखादी मुलगी एकामागून एक धरू लागली आणि साबुदाण्याची खिचडीही टाळू लागली, तर ते व्रत नव्हे.

एका विश्वस्तांनी रास्त प्रश्न केला. ज्या देशात २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीनुसार ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, तेथे धर्मादाय रुग्णालयाने श्रीमंतांच्या आजारावर खर्च का करावा? आमचे उत्तर असे की, हा आजार श्रीमंतांचा दिसतो, कारण त्यांचेच निदान होते. गरीब घरातील मुलगी वाळली तर क्षयाची तपासणी होते (ती व्हायलाच हवी), रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात आणि प्रकरण मिटते. मनोविकारांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असणाऱ्या आजारांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

उपचारास महाग यंत्र लागत नाही, आणि हीच त्याची अडचण आहे. यंत्रावर कोणा प्रियजनाच्या स्मरणार्थ पाटी लावता येते. आहारतज्ज्ञाने एका ताटाशेजारी बसून घालवलेल्या पाऊण तासावर ती लावता येत नाही. अतिशय खंगलेल्या रुग्णास प्रथम दाखल करून घ्यावे लागते, कारण उपाशी देहास एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातील फॉस्फेट घसरून जीव जाऊ शकतो. म्हणून ‘खाऊ घालून बरी करतो’ अशी घाई घरी करू नये. पुढील काम मात्र घरचेच. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत काय आणि किती खायचे, हे काही काळ आईवडीलच ठरवतात. दोष कोणाचा, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. आमच्याकडे अनेकदा हे काम आजी करते, आणि आईपेक्षा शांतपणे करते.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मनोविकारांस शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. कुटुंबीयांनी पॉलिसी पुन्हा वाचावी. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर सल्ला विनामूल्य मिळतो.

ती मुलगी आता दर पंधरवड्यास येते. काट्यावर ती आकड्याकडे पाठ करून उभी राहते, परिचारिका आकडा लिहून घेते आणि मोठ्याने सांगत नाही. स्वेटर तिने गेल्या भेटीत घातला नव्हता.