एका गोणीचे 400 किलो

जिममध्ये 50 किलो उचलले की आपली लगेच स्टोरी पडते. तुमच्या गल्लीत कुणी वरचा मजला चढवत असेल, तर जरा थांबून बघा. सिमेंटची गोणीही 50 किलोचीच, टेम्पोतून थेट पाठीवर. पण खरं वजन पुढेच आहे. 1:2:4 चा माल, म्हणजे सिमेंटच्या दुप्पट वाळू, चौपट खडी आणि वर पाणी. एका गोणीचा माल 400 किलोच्या आसपास जातो! घमेल्यात 20 किलो धरा; गोणीमागे 20 खेपा, डोक्यावर चुंबळ ठेवून, जिन्याने. छोट्या कामावर लिफ्ट कुठली? पाणी पडलं की अर्ध्या तासात माल ओतायचा, त्यामुळे दम खायलाही थांबता येत नाही. पाणी जास्त घातलं तर फावडं हलकं चालतं, पण स्लॅब कच्चा राहतो.

आणि त्यांचे हात बघा. ओलं सिमेंट कातडी जाळतं, तेही सुरुवातीला कळू न देता. रबरी हातमोजे, गमबूट, धुवायला स्वच्छ पाणी, फार महाग नाही हे. घरी काम निघालं तर ठेकेदाराशी रेट ठरतानाच विचारा, हातमोजे कोण आणणार? टाइल्सच्या रंगावर तर आपण तासभर भांडतोच.