वापराविना बिघडणारा ब्रेक

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी गाडी सुमारे १,३०० मीटर खाली येते. गाडी दीड टनाची असेल तर या उतारात पाच युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. थोडी टायरच्या आणि वाऱ्याच्या घर्षणात जाते. उरलेल्यातली बरीचशी इलेक्ट्रिक गाडीची मोटर पकडते, वीज बनवते आणि बॅटरीत परत भरते. ईव्हीवाले याला ‘रीजन’ म्हणतात. त्याच्या जोरावर अख्खा घाट ब्रेकला फारसा पाय न लावता उतरता येतो.

पण रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी सकाळी शंभर टक्के भरून निघाली, तर ही वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. मग बहुतेक गाड्या रीजन कमी करतात आणि बराचसा भार चाकांवरच्या डिस्क-पॅडवर येतो. त्यात ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नसेल, तर घाटाच्या मध्यावर पेडल मऊ लागायला लागतं, नेहमीपेक्षा खोल जातं. चालकाच्या पोटात गोळा येतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, रबरी नळ्यांमधूनसुद्धा. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, असं या प्रतीचं मानक सांगतं. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये, तो तापल्यावर, असं ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचायच्या आत बुडबुड्यांतच खर्ची पडतो. ओलावा काही किलोमीटर मोजत नाही. कोकणातल्या दमट हवेत नुसती उभी असलेली गाडीही तो पीत राहते. म्हणून बऱ्याच कंपन्या ब्रेक ऑइलची मुदत वर्षांत देतात, आणि गाडी फारशी चालली नाही म्हणून ती पुढे ढकलणं चुकीचं आहे.

ईव्हीची खरी अडचण अशी, की तिचे ब्रेक वापराविना बिघडतात. पेट्रोल गाडीचे पॅड झिजतात, ते बदलायला मेकॅनिक चाक उघडतो आणि त्या निमित्ताने कॅलिपरवरही नजर फिरते. ईव्हीत पॅड वर्षानुवर्षं जाड राहतात, त्यामुळे चाक उघडायचं कारणच पडत नाही. तोवर डिस्कवर गंज धरतो, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांचं ग्रीस सुकतं आणि कॅलिपर अडकून बसतो. मग पॅड तिरके झिजतात आणि पेडल दाबलं की काही जोर हे तिरके भाग सरळ करण्यातच जातो. पायाला ते स्पंजासारखं जाणवतं.

फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक दिले, त्यामागे हेही एक कारण होतं: बंद ड्रममध्ये गंजाला वाव कमी. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात अशा प्रदेशात टेस्ला दरवर्षी किंवा २०,००० किलोमीटरला कॅलिपर साफ करून ग्रीस लावायला सांगते. मालवण किंवा अलिबागला समुद्राकाठी राहणाऱ्या गाडीला हाच नियम लावावा.

मऊ पेडलच्या निदानाची सुरुवात सपाट जागी, उभ्या गाडीत, ‘रेडी’ दिवा लावून करतात. पेडल भराभर चार-पाच वेळा दाबलं की वर येत घट्ट होतंय? मग ब्रेकच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रमचे शू सैल पडलेत. एकसारखा दाब देऊन धरल्यावर ते हळूहळू खाली बसतंय? तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर दाब सोडतंय किंवा कुठेतरी गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरली आहे का, तेही पाहावं. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टो करून न्यावी. याउलट उभ्या गाडीत पेडल चांगलं घट्ट आहे, पण रस्त्यावर गाडी आवरत नाही असं वाटतंय, तर आधी रीजन कमी झालंय का ते पाहावं. अशा वेळी पेडल बिघडलेलं नसतं, रोजची मोटरची ओढ गायब झालेली असते.

काही दोष सॉफ्टवेअरमध्येही असतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या चाचणीत टेस्ला मॉडेल ३ ताशी ९६ किलोमीटर वेगावरून थांबायला सुमारे ४६ मीटर घेत होती. कंपनीने इंटरनेटवरून अपडेट पाठवला आणि फेरचाचणीत हे अंतर साडेचाळीस मीटरवर आलं. मात्र लाइनमधली हवा कोणताही अपडेट काढू शकत नाही.

ती पाना घेऊनच काढावी लागते. मदतनीस सीटवर बसतो, मेकॅनिक चाकाशी वाकून ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावतो. ‘दाब… धर!’ निपल अर्धा आटा ढिला होतो आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं जुनं ऑइल बुडबुड्यांसह नळीतून बाटलीत उतरतं. निपल बंद झाल्यावरच ‘सोड’ म्हणायचं, नाहीतर बाहेर गेलेली हवा परत आत शिरते. टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. नवं ऑइल सीलबंद डब्यातलंच हवं.

ईव्हीत मात्र एवढ्यावर भागेलच असं नाही. अनेक गाड्यांमध्ये ब्रेकला जोर देणारा बूस्टर विजेवर चालतो आणि पेडल दाबलं की स्वतःहून दाब तयार करतो. एबीएसच्या व्हॉल्व्हमध्येही हवा अडकून राहू शकते. तिथे स्कॅनर जोडून गाडी सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते आणि चाकांचा क्रमही कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच ठेवावा लागतो. गाडीच्या पोटाशी बॅटरी असल्यामुळे जॅक फक्त खूण केलेल्या जागीच लावायचा. हे माहीत नसलेल्या गॅरेजला ब्रेकचं काम देऊ नये, मग ओळख कितीही जुनी असो.

काम झाल्यावर सगळे निपल पुसून कोरडे करतात, पेडल जोरात दाबून धरतात आणि निपलशी पुन्हा ओल येते का ते बघतात. मग मोकळ्या मैदानात अगदी सावकाश फेरी मारून गाडी थांबवून पाहायची. इतक्या कमी वेगात बऱ्याच गाड्यांत रीजनचा जोर जवळपास संपलेला असतो, त्यामुळे पायाखाली जे जाणवतं ते पॅड आणि डिस्कचंच काम असतं.