मासे जिवंत आहेत, म्हणजे शेततळं ठीक आहे का?



गेल्या महिन्यात आपल्या एका सभासद दादांचा फोन आला. कपाशीवर तुडतुड्यांसाठी फवारणी केली होती. पंप शेततळ्याच्या काठावरच भरला आणि तिथेच धुतला. "काही होणार नाही ना?" मी विचारलं, दोन दिवसांत मासे मेले का? ते म्हणाले, एकही नाही. मी म्हटलं, मग चिंता नको.

परवा पुन्हा फोन आला. मासे आहेत, पण कटला वाढत नाही. पाणी हिरवंगार झालंय आणि ड्रिपचा फिल्टर रोज चोंदतोय. हे औषधामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. बांधावरून खत वाहून आलं किंवा मासे जास्त सोडले तरी असं होतं. पण माझं पहिलं उत्तर अर्धवट होतं, हे नक्की. म्हणून आजचा मेसेज थोडा लांब आहे, शेवटपर्यंत वाचा.

*१) कटला काय खातो?*
तळ्याच्या पाण्यात मोहरीच्या दाण्याएवढे आणि त्याहून लहान जीव उड्या मारत फिरतात. त्यातल्या एकाला डॅफ्निया म्हणजे पाण्यातली पिसू म्हणतात. ती चावत नाही. पाण्यातलं बारीक हिरवं शेवाळ ती खाते आणि तिला कटला खातो. ही पिसू कमी झाली की दोन गोष्टी होतात: माशाचं खाद्य घटतं आणि शेवाळ मोकाट वाढतं.

ही कोळंबी-खेकड्याच्या जातकुळीतली. कीटकांशी तिचं जवळचं नातं आहे. म्हणून किडीसाठी बनवलेलं औषध माशाआधी तिला लागतं.

*२) प्रयोगशाळेत कसं तपासतात?*
दोन प्रकारच्या चाचण्या असतात.

पहिली ४८ तासांची. औषधाच्या पाण्यात पिसवा सोडतात आणि किती हलायच्या थांबल्या ते मोजतात. मी फोनवर दिलेलं उत्तर याच जातीचं होतं: दोन दिवस बघा, मेले का ते सांगा.

दुसरी २१ दिवसांची. जगभर मान्य असलेली ही ओईसीडीची २११ क्रमांकाची पद्धत. २४ तासांपेक्षा लहान वयाची मादी पिल्लं घेतात आणि एका भांड्यात एकच ठेवतात. औषधाच्या किमान ५ मात्रा असतात, शिवाय एक गट साध्या पाण्याचा. रोज शेवाळ खायला देतात, ठरावीक दिवसांनी पाणी बदलतात आणि जन्मलेली जिवंत पिल्लं मोजतात. डॅफ्नियाला पिल्लं द्यायला नर लागत नाही, त्यामुळे हिशोब सोपा जातो. साध्या पाण्यातल्या प्रत्येक मादीने २१ दिवसांत सरासरी किमान ६० पिल्लं दिली पाहिजेत, नाहीतर ती चाचणीच बाद.

इथे खरी गोष्ट कळते. कमी मात्रेत मादी मरत नाही, पण पिल्लं उशिरा देते, कमी देते. गाय जिवंत आहे पण गाभण राहत नाही, तर गोठा किती दिवस चालेल? तसंच हे.

*३) एकाच जीवावर विसंबून चालत नाही*
इमिडाक्लोप्रिड घ्या. ४८ तासांच्या चाचणीत निम्म्या डॅफ्निया थांबवायला लिटरमागे सुमारे ८५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे खूप. पण मेफ्लाय नावाची माशी, जिची पिल्लं पाण्यात वाढतात, तिच्या काही जातींवर २८ दिवसांच्या चाचणीत लिटरमागे ०.०२४ मायक्रोग्रॅमलाच परिणाम दिसायला लागतो. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. फरक तुम्हीच बघा. म्हणून तळाच्या गाळात राहणाऱ्या लाल अळ्यांवरही वेगळी चाचणी करतात. काही औषधं पाण्यातून दिसेनाशी होतात, पण गाळाला चिकटून राहतात.

*४) आपल्या तळ्याचा हिशोब*
३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात साधारण २० लाख लिटर पाणी धरा. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएलच्या १० मिलीमध्ये २ ग्रॅम मूळ औषध असतं. एवढंच तळ्यात सांडलं आणि सगळीकडे मिसळलं, तर लिटरमागे १ मायक्रोग्रॅम होतं. वरच्या आकड्याच्या ४० पट!

हे औषध उन्हाने पाण्यात फुटतं, हे खरं. पण गढूळ, हिरव्या पाण्यात ऊन खोल जात नाही. आणि आपण दर ८-१० दिवसांनी फवारतो. तळ्याला सावरायला मधे वेळच मिळत नाही.

*५) डब्यावरचा रंग बघून फसू नका*
लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण हा माणसाला आणि जनावराला किती विषारी ते सांगतो. पाण्यातल्या जिवांचं तो काही सांगत नाही. नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन यांसारखी औषधं अळीची कात अडवतात. माणसाला ती कमी विषारी. पण डॅफ्नियाही कात टाकूनच वाढते, म्हणून तिला ती जबर लागतात.

*६) काय करायचं?*
✅ पंप तळं, विहीर, ओढा, कालवा यांपासून लांब भरा. पाणी बादलीने किंवा ड्रमने न्या. औषधाची बादली तळ्यात बुडवू नका.
✅ रिकामी बाटली ३ वेळा खंगाळा. ते पाणी पंपातच ओता आणि पिकावर फवारा.
✅ पंप धुतलेलं पाणीही त्याच पिकावर फवारा.
✅ वारा तळ्याकडे वाहत असेल तर तळ्यालगतच्या ओळी त्या दिवशी सोडा.
✅ पाऊस येण्याची चिन्हं असतील तर फवारणी पुढे ढकला.
✅ आधी तुडतुडे मोजा. गरज नसेल तर ती फवारणी वाचवा, पैसेही वाचतील.

*७) घरची तपासणी*
सकाळी लवकर तळ्याचं तांब्याभर पाणी पांढऱ्या ताटात ओता. उड्या मारणारे ठिपके मोजा आणि वहीत तारीख टाकून लिहा. फवारणीआधी एकदा, नंतर दर आठवड्याला एकदा, असं ३ आठवडे करा. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नाही, मासे जास्त असले तरी ठिपके कमी दिसतात. पण आकडा घसरत गेला आणि पाणी हिरवं होत गेलं, तर मला लगेच कळवा.

त्या दादांच्या तळ्यावर मी या आठवड्यात ताट घेऊन जाणार आहे. तुम्हीही मोजा आणि ताटाचा फोटो या मेसेजला उत्तर म्हणून पाठवा.

यापुढे कोणी विचारलं तर मी "दोन दिवसांत मासे मेले का" एवढ्यावर थांबणार नाही. "तीन आठवड्यांनी ताटात काय दिसतंय" हेही विचारीन.

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱